एका वस्तादाची माणसं

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा तालीम थोरल्याकडे राहिली, म्हैस आईकडे राहिली, आणि तुमचा एक शब्द कुणाच्याच नावावर न होता तसाच मागे राहिला. तालमीचं छप्पर थोरल्यानं पुढे बदललं. म्हैस आईच्या मागून गेली. शब्द मात्र वीसेक वर्षं जसाच्या तसा आहे, त्याला ना गंज ना वाळवी. त्याबद्दल तुम्हाला चार गोष्टी ऐकवायच्या आहेत. तुम्ही समोर असताना तुम्हाला कुणी काही ऐकवू शकत नव्हतं, आणि ही सोय तुम्ही पुरेपूर वापरलीत. आता तुम्हाला मध्येच "बास" म्हणता येत नाही, तेव्हा ऐका.

धाकटा तेव्हा नुकता विशीत आला होता. तुम्हाला न विचारता तो पलूसला दुसऱ्या वस्तादाकडे गेला होता, मॅटवरची कुस्ती शिकायला. काही महिन्यांनी एका सकाळी रहिमतपूरला आला तो पायांत निळे बूट घालून, मॅटवर घालतात ते, घोट्याच्या वर चढणारे. ते त्याला तुम्हाला दाखवायचे होते. इतका खुशीत होता की बूट न काढता तसाच तालमीत शिरला आणि हौद्यातल्या कुस्तीच्या मातीत उतरला. आदल्याच दिवशी तुम्ही आणि थोरल्यानं माती उकरून तिच्यात तेल, हळद, लिंबू घातलं होतं. मी ताकाची घागर घेऊन दाराशी उभी होते. मुलींनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही हा नियम होताच, म्हणून मला तुमची नुसती पाठ दिसली. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. ओरडणं माणसं विसरतात. तुम्ही सावकाश म्हणालात, "ह्या मातीत तू परत पाय ठेवायचा न्हाई." तो म्हणाला, "आवं आबा, चुकून..." तुम्ही म्हणालात, "झालं," आणि खोरं उचललंत. घागर माझ्या हातातच राहिली. त्या दिवशी मातीला ताक मिळालंच नाही, हे तुमच्या लक्षातही आलं नसेल.

एरवी तुम्ही शब्द मागे घेत नसलात तरी थोडा वाकवत असायचात, हे मला माझ्यावरून माहीत आहे. मुलीला तालमीत घेणार नाही म्हणालात, आणि मग फेटा सारखा करत स्वतः शाळेत गेलात. संस्कृतच्या बाईंना म्हणालात, "पोरीचं डोकं पैलवानाचं हाय, पर पोरगी हाय. तुमचं ते अवघडातलं अवघड काय असंल ते हिला शिकवा." बाई ही गोष्ट निवृत्त होईपर्यंत सांगत होत्या. मग पहाटे तुम्ही अंगणात बैठका काढताय आणि मी पायरीवर बसून देव चालवतेय. देवः देवौ देवाः. माझा एक देव पुरा झाला की तुमची एक फेरी पुरी. मी अडखळले की तुम्ही अर्ध्या बैठकीत थांबून राहता, मांड्या थरथरतात, पण विभक्ती आठवल्याशिवाय वर येत नाही. मी कधीकधी मुद्दाम अडखळायची, हे आता सांगायला हरकत नाही. एकदा दम खाताना तुम्ही विचारलंत, "ह्ये मधलं कशाला?" मी म्हटलं, ते दोघांसाठी. एकासाठी वेगळं, दोघांसाठी वेगळं, पुष्कळांसाठी वेगळं. तुम्ही घाम पुसत म्हणालात, "दोघांची एवढी काळजी घेत्यात व्हय. लय शानी भाषा हाय." घरातल्या दोघांची तेवढी काळजी तुम्ही घेतली असतीत तर मला आज हा कागद काळा करावा लागला नसता.

त्यानंतर दहाएक वर्षांनी तुम्ही गेलात त्या दिवशी, वस्तादाला नेतात तसं, तुम्हाला आधी तालमीत नेलं आणि हौद्याच्या मातीवर ठेवलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा आत गेले. मला अडवायचं कुणाला सुचलं नाही. धाकटा पलूसहून आला आणि दाराशी थांबला. चपला हातात, पाय उंबऱ्याबाहेर. माणसं आत-बाहेर करत होती, त्याला धक्के लागत होते, पण तो आत येईना. मी त्याचा हात धरून ओढला तर म्हणाला, "आबांनी न्हाई म्हणून सांगितलंय, आक्का." थोरल्यानं ते आतून बघितलं आणि त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. "बाप मातीत पडलाय आन् ह्यो दारात उभा ऱ्हातोय. पावणा हाय का ह्यो?" एकानं तुमचा शब्द पाळला, आणि त्या पाळण्यानंच तो दुसऱ्याला परका झाला. तिथून दोघांचं बोलणं बंद. आईच्या तेराव्याला एकाच पंगतीत दोन टोकांना बसून जेवले, आणि मी मध्ये बसले. तेव्हापासून माझी जागा तीच आहे.

शेवटच्या आजारपणात तुम्ही बोलत होतात, आबा. म्हशीबद्दल बोललात, उसाच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोललात, तालमीच्या कौलाबद्दल दोनदा बोललात. धाकटा तेव्हाही येऊन तालमीबाहेरच्या कट्ट्यावर बसून जायचा. एकदा नुसतं "ये रं आत" म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. तुमच्या तालमीत मुली लढतात. थोरल्याला एकच मुलगी. तिनं हट्ट धरला, तो महिनाभर नाही म्हणाला, आणि मग स्वतःच लांग चढवून तिला शिकवायला उतरला. मी ऐकलं तेव्हा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला; कुणाचा ते तुम्ही ओळखा. तिकडे पलूसला धाकट्याची मुलगीही लढते, मॅटवर. दोघी विशीच्या, दोघी एकाच वजनाच्या. एक साताऱ्याकडून खेळते, दुसरी सांगलीकडून, त्यामुळे आजवर समोरासमोर यायची वेळ आली नव्हती. यंदा चैत्रात मधल्याच एका गावानं जत्रेचं मैदान भरवलं, आणि त्याचं पोस्टर माझ्या मोबाईलवर येऊन पडलं. वर पुढाऱ्यांचे परातीएवढे चेहरे, खाली पैलवान पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि कोपऱ्यात आपल्या दोन मुली: रहिमतपूर विरुद्ध पलूस. कमिटीनं गावं बघितली, वजन बघितलं आणि जोड लावून टाकली. आडनाव एकच, पण आपल्या आडनावाची माणसं इकडे ढिगानं आहेत.

एका वस्तादाची माणसं मैदानात एकमेकांशी लढत नाहीत. रोज तालमीत एकमेकांना आपटतील, पण मैदानात एकमेकांविरुद्ध उतरायची नाहीत. कमिटीनं चुकून अशी जोड लावलीच तर कुणीतरी सांगायचं, आम्ही एकाच तालमीचे, आणि कुस्ती मोडायची. त्यात कुणाची नाचक्की नसते, लोक उलट मान डोलावतात. हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे कमालच. पण तुमच्या दोन मुलांनी ह्या रिवाजाचं काय केलं ते ऐका. दोघांनीही कमिटीला होकार कळवला.

मी थोरल्याला फोन केला. तो शांत होता, चक्क खुशीत होता. "त्याचा फोन ईल बघ," म्हणाला.

"कशाला?"

"कुस्ती मोडाय. म्हणंल, दादा, आपुन एका वस्तादाची माणसं, पोरींची कुस्ती कशी लावायची. आन् मी म्हणंन, बरं."

एवढंच. वीस वर्षांचा अबोला त्यानं त्या एका "बरं"वर सोडवायला काढला होता. मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, दादा फोन करंल. त्याला ठावं हाय, अशी कुस्ती लागत न्हाई." आणि वर, "मी मोबाईल शेतातसुदीक घिऊन जातोय सध्या."

दोघांनीही हे दुसऱ्याला सांगायचं नाही अशी तुमची शपथ घातली. तुमच्या शपथांनी ह्या घराचं काय भलं केलंय ते मला दिसतच होतं, म्हणून मी दोन्ही मोडल्या. थोरल्याला सांगितलं, तो तुझ्या फोनची वाट बघतोय. धाकट्याला सांगितलं, तो तुझ्या फोनची वाट बघतोय. मला वाटलं, झालं काम. थोरला म्हणाला, "मग करावा की त्यानं. आबांचा शब्द मी कसा मोडू? त्यानं म्हणायला पायजे, मी ह्या तालमीचा हाय." धाकटा म्हणाला, "मला आबांनी मातीतनं काढलं. मी ह्या तालमीचा हाय असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? ते आता आबांच्या गादीवर बसलेल्यानं म्हणायचं." दोघांचंही बरोबर. न्यायशास्त्रात ह्याला अन्योन्याश्रय म्हणतात: पहिलं सिद्ध व्हायला दुसरं लागतं आणि दुसरं सिद्ध व्हायला पहिलं. शास्त्रात तो दोष मानतात. आपल्या घरात त्याला ताठ मान म्हणतात.

मी दोघांवर चिडले, दोघांना वाट्टेल ते बोलले. दोघांनीही ऐकून घेतलं. आपल्या घरातले पुरुष माझं ऐकून घेतात, त्यापुढे काही करत नाहीत. शेवटी रहिमतपूरच्या मुलीचाच फोन आला. "आत्या, तुमी आता कुणाला फोन करू नका."

"का गं?"

"मला लढायचंय तिच्याबर. आमचं बोलणं झालंय."

"कुणाशी बोलणं झालंय?"

"तिच्याशी. आमी कवापासनं बोलतोय, मोबाईलवर. ती म्हणत्या, ताई, ढिल्या हातानं धरलंस तर बघ. तुमी मोठी माणसं तुमचं काय असंल ते बघून घ्या, पर आमची कुस्ती मोडू नका."

म्हणजे ज्यांच्या निमित्तानं बोलणं व्हायचं होतं त्यांचं बोलणं केव्हाच सुरू होतं, आणि आम्हा कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. मी फोन ठेवला आणि मुकाट्यानं शेंगदाण्याच्या पोळ्या करायला घेतल्या, दोन्ही घरांना पुरतील एवढ्या. माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला समजेल. निदान आखाड्याच्या कडेला उभं राहून तरी कुणीतरी म्हणेल, आम्ही एकाच तालमीचे.

मैदानात ऊन रणरणतंय, हलगी कडाडतेय, बायकांसाठी एका बाजूला ताडपत्री अंथरलीय तिच्यावर मी डबे मांडीवर घेऊन बसलेय. थोरला आखाड्याच्या एका कडेला, धाकटा बरोबर समोरच्या कडेला. दोघांच्याही कानांच्या चुरमडलेल्या पाळ्या अगदी तुमच्यासारख्या. कुणीही बघून सांगावं. दोन्ही मुली लाल मातीत उतरल्या. निवेदक रहिमतपूरच्या मुलीची ओळख करून देताना तुमचं नाव घेतो, तुम्ही मारलेल्या कुस्त्या सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. मग पलूसच्या मुलीच्या हातात हात घालून तिला विचारतो, "बाळ, आजोबा कोण तुझे?" ती सांगते. निवेदक तेच नाव माईकवर पुन्हा घेतो. म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून एक जण म्हणाला, "आरं, ह्या तर एका घरातल्या. एका वस्तादाच्या नाती."

पंच थोरल्याकडे गेला. "आवं पैलवान, तुमचीच भावकी म्हणत्यात. लावायची का कुस्ती?"

थोरल्यानं समोर बघितलं. म्हणाला, "त्येस्नी इचारा."

पंच माती तुडवत पलीकडे गेला. धाकटा म्हणाला, "मला काय इचारताय? थोरलं हायत की तिकडं."

पंच परत इकडे, मग परत तिकडे. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं त्या पंचाला पानी द्या, कुस्ती न खेळताच घामाघूम झालाय." सगळं मैदान हसलं. मी हसले नाही, आबा. दोन वाघ म्हणून ज्यांना वाढवलंत ते दोघं "मी ह्यांचा आहे" हे तीन शब्द उच्चारायच्या भीतीनं मातीकडे बघत उभे होते. पंच वैतागून म्हणाला, "मग लावतो बरं का मी. मागनं मला बोलायचं न्हाई." आणि हलगी पुन्हा सुरू झाली. एवढ्या हजारो माणसांसमोर तुमच्या घराचे दोन तुकडे आहेत हे रीतसर ठरलं.

कुस्ती खरी झाली. मुलींनी शब्द पाळला. आपल्या घरात शब्द पाळल्यानं काहीतरी बरं घडलेलं मी प्रथमच बघत होते. पलूसची चपळ, खाली वाकून पायाला झोंबणारी. रहिमतपूरची दमानं घेणारी, पण एकदा हात पडला की सुटत नाही. बराच वेळ नुसती मानेवर मान. मग रहिमतपूरच्या मुलीनं तिला खाली घेतलं आणि पाठीवर बसली. पलूसची पालथी, तिचा डावा हात कोपरातून बाहेर पसरलेला, आणि वरून सगळं वजन त्याच हातावर यायला लागलेलं. मला कुस्तीतलं फार कळतं असं नाही, पण हाडाला एक मर्यादा असते एवढं कळतं. धाकटा समोरून "फिर, फिर" म्हणत होता. इतक्यात इकडून आवाज आला, तालीम हादरवणारा, तुमच्या जातीचा आवाज.

"कोपर आत घे, बाळ. आत घे कोपर."

थोरला ओरडत होता, आणि आपल्या मुलीसाठी नाही, खालच्या मुलीसाठी. तिनं ऐकलं. कोपर छातीखाली ओढलं, वरच्या मुलीचा तोल गेला, पलूसची सापासारखी वळली, पायाला भिडली, आणि पुढच्या श्वासाला रहिमतपूरची मुलगी चितपट. निकाल. थोरल्यानं आपल्याच मुलीला हरवलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, भाऊ भावाच्या गळ्यात पडला असेल. मीही ताडपत्रीवरून अर्धी उठले होते. धाकटा आखाडा ओलांडून तरातरा आला तो थोरल्याच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला, "दादा, तू मदी कशाला बोललास?"

"हात मोडला असता तिचा."

"माझ्या पोरीला मी शिकीवलंय. तिला कळतंय तिचं कोपर."

"कळत असतं तर तसं टाकलं नसतं. लहानपनी आबांनी काय सांगितलं ते इसरलास व्हय रं?"

"आबा कोपर म्हनत न्हवते. मनगट म्हनायचे. मनगट आत घे."

"कोपर."

"मनगट. तुला लय ठावं."

पंच, हलगीवाले, दोन्ही मुली, सगळे बघतायत, आणि हे दोन पन्नाशीचे गडी वीस वर्षांनी तोंड उघडून मनगट की कोपर ह्यावर हमरीतुमरीवर आलेत. माफी नाही, तुमचा तो शब्द नाही, तो उंबरा नाही, काही नाही. "दादा" म्हणाला तेवढं मी कनवटीला बांधून घेतलं. मग दोघंही दोन दिशांना निघून गेले. पलूसच्या मुलीनं माझ्याकडून दोन पोळ्या घेतल्या आणि एक रहिमतपूरच्या मुलीला नेऊन दिली. बाकीच्या मी आठवडाभर खाल्ल्या.

आणि पुढचं ऐका. रहिमतपूरची मुलगी बापाशी बोलत नाही. "पप्पा, तुमी कुणाच्या बाजूनं हाय ते आधी ठरवा," म्हणाली आणि गप्प झाली. तिचं काय चुकलं? वर्षभर घाम गाळून बापाच्या एका हाकेनं चीत झाली. थोरला मला फोन करून म्हणतो, "तिला जरा सांग की, बाय." एक अबोला सुटायच्या आधी दुसरा धरला, घराण्याची परंपरा खंडित व्हायला नको. मी त्याला म्हटलं, ह्या वेळी मी मध्ये पडणार नाही, तू स्वतः तिच्यापुढे जाऊन चुकलो म्हण. हा शब्द आपल्या घरात कुणी अजून उच्चारलेला नाही, पण तो प्रयत्नात आहे असं वहिनी म्हणते. परवा म्हणे त्यानं तिच्या ताटात स्वतः भाकरी वाढली आणि घसा खाकरला. अजून खाकरतोच आहे.

त्या दोघांचं मात्र चालू आहे. धाकट्याचा फोन येतो, "आक्का, त्याला सांग, मी आमच्या वस्तादांना इचारलं, मनगटच." थोरल्याचा येतो, "त्याला म्हणावं, तुझ्या वस्तादाला न्हाई, आबांना इचारायला पायजे हुतं." पहिले काही दिवस मी निरोप पोचवले. मग एके दिवशी संस्कृतच्या वर्गात मुलींना समासाचा विग्रह सांगता सांगता मध्येच मनगट की कोपर ह्याचा विचार करताना मी स्वतःला पकडलं, आणि त्या संध्याकाळी दोघांनाही बजावलं की मला काही आठवत नाही, माझं वय झालंय, ज्यानं त्यानं एकमेकांना विचारावं, नंबर दोघांकडेही आहे. काल रात्री जेवणानंतर थोरल्याला फोन लावला तर तो दुसऱ्या फोनवर. धाकट्याला लावला, तोही. बराच वेळ. मग धाकट्याच्या बायकोचाच फोन आला. म्हणाली, "वन्सं, ह्ये अंगणात येरझाऱ्या घालत बोंबलत्यात, कोपर-मनगट काय म्हनत्यात कुनास ठावं. कुनाबर भांडत्यात ओ?" मी म्हटलं, भांडू दे.

भेट झालेली नाही. तालमीचा उंबरा धाकट्यानं अजून ओलांडलेला नाही, आणि थोरल्यानं अजून "ये" म्हटलेलं नाही. तुमचा शब्द आहे तिथंच आहे. तो मागे घ्यायला तुम्हीच लागाल आणि तुम्ही मिळत नाही, ह्याचा राग मला आहे तो आहेच. हा कागद पोस्टात टाकायचा नाही हे उघड आहे. पण घरात कुठं ठेवायचा हाही प्रश्न आहे, कारण तो त्या दोघांपैकी कुणाच्या हाती लागता कामा नये.

मला सगळं आठवतं, आबा. तालमीची मागची भिंत आपल्या न्हाणीला लागून होती, आणि मी रोज पहाटे चुलीवर पाणी तापत ठेवून तुमचं शिकवणं ऐकायची. थोरला अंगानं जड, त्याला तुम्ही म्हणायचात, कोपर आत घे. धाकट्याचे हात लांब, त्याला म्हणायचात, मनगट आत घे. दोघांचंही बरोबर आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि इतक्यात सांगणारही नाही.